घरचा प्रदेश

खातं उघडताना एकच प्रश्न जरा तिरका होता:
तुमचा घरचा प्रदेश कोणता?
खाली बारीक अक्षरात: नंतर बदलता येणार नाही.
यादीत इचलकरंजी नव्हती, असणार कशी.
सोहारही नव्हतं.
जवळचं पाहून बोट ठेवलं,
वाळवंटापलीकडच्या एका शहरावर,
जिथे मी एकदाच, विमान बदलायला, चार तास बसलोय.

कार्डावरून एक रियाल गेला
आणि परत आला.
माणूस खरा आहे का, एवढंच बघायला.

मला फार काही नको होतं.
बंदरात रात्रपाळीला माझ्या वाट्याला दोनशे चौदा गार कंटेनर.
दर दोन तासांनी प्रत्येकाचं तापमान वहीत उतरवायचं.
जून महिना, मध्यरात्री छत्तीस अंश,
पान मनगटाला चिकटतं
आणि त्यावर लिहायचं, उणे अठरा.
वाटलं, कुठेतरी एक छोटं यंत्र आपलं असावं,
हे आकडे सांभाळणारं,
एखादा चढू लागला तर हाक मारणारं.
एक कोअर, एक जीबी.
फुकट, कायमचं, असं लिहिलंच होतं की.

'तयार करा' दाबलं. लाल पट्टी:
या प्रदेशात सध्या जागा नाही. नंतर प्रयत्न करा.
नंतर म्हणजे कधी, ते नाही.

दुसरे प्रदेश होते पंचवीस-तीस,
प्रत्येकापुढे एक कळ, पण करडी;
बोट लावलं की पाटी:
मोफत खात्याला यंत्र घरच्याच प्रदेशात.

बिजुमोन वरच्या बंकवरून हसला.
स्वतःचं रेसिडेंट कार्ड काढून
मालकाच्या नावाखाली नख ओढत म्हणाला,
"सेम सेम, भाई."
मग खाली उतरला, चहा ठेवला,
आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर, ज्याचा पंखा कुकरसारखा वाजतो,
आम्ही चार ओळींची आज्ञा लिहिली:
दर अकरा मिनिटांनी विचार.
नाही म्हणालं, तरी विचार.

आप्पा फोनवर म्हणायचे, "मिळाला का रं माग?"
त्यांना मी तसंच सांगितलेलं,
दुसऱ्याच्या शेडमध्ये एक माग रिकामा व्हायची वाट बघतोय.
त्यांना नवल वाटलं नाही.
बावीस वर्षं कुणी आजारी पडलं की
सायझिंगच्या बोळातून पोरगं निरोप घेऊन यायचं,
आप्पा ताटावरून उठायचे, भाकरी हातात.
"दारात उभं ऱ्हावं लागतंय," म्हणाले,
"माग सुटला की तितंच असाय पायजे."

लॅपटॉप दारात उभा राहिला.
पाच आठवडे.
मधे एकदा वीज गेली, एकदा मीच वैतागून झाकण आपटलं,
दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं.

बकरी ईदची पहाट, सुट्टी, चार वाजून दहा.
कुणीतरी घरी जाताना आपलं यंत्र बंद केलं असेल,
मला काय माहीत.
लाल पट्टी आली नाही.
आधी पिवळं काहीतरी फिरत राहिलं,
मग हिरवा ठिपका. चालू.
बिजुमोनला हलवलं तर त्याने मल्याळममध्ये शिवी दिली,
मग ठिपका पाहून उठून बसला.

आत शिरून मी पहिला प्रश्न विचारला:
किती वाजले?
बारा वाजून दहा, ते म्हणालं.
हे सोहारचेही नव्हेत आणि आप्पांचेही.
तिकडे आता पाच चाळीस,
आप्पा चूळ भरत असतील.
बिजुमोन म्हणाला, घड्याळ लावून घे.
म्हटलं, राहू दे थोडे दिवस,
त्याला अजून कुणी घर विचारलेलं नाही.

मग वही उघडून पहिली नोंद पाठवली:
रांग सात, खालून दुसरा,
कोळंबी,
उणे अठरा पूर्णांक दोन.
त्याने ठेवून घेतली.