कबर क्रमांक २१७

कागदोपत्री कबर अजून आजोबांच्याच नावावर.
सांतान जुझे परेरा, पावती एक्केचाळीसची, रुपये साठ.
वारस किती? क्लार्क विचारतो.
सात. त्यातले तिघे त्याच कबरीत,
एक टोरांटोला, फोन उचलत नाही.
सगळ्यांची ना-हरकत लागेल.

आतल्यांचीही?
तो हसत नाही, स्टॅम्पपेपरचा भाव सांगतो.

मरोळची शेतं गेली, विहीर गेली,
सातबारावरून आम्ही कधी पुसलो गेलो, कळलं नाही.
उरली ही साडेसहा बाय अडीच.

आई कालपासून शवागारात.
जन्मभर तिने भरलं
दुसऱ्याच्या नावाचं लाइट बिल.

पेन्सिलीची फुली आहे तिथे मी सही करते.
नातं: नात.
हक्काच्या रकान्यातलं ‘कायमचा’ खोडून
तो लिहितो,
पुढील आदेश होईपर्यंत.