शून्य पूर्णांक एकसष्ट

नारिनच्या वर, घाट संपला की जी शाळा लागते
तिला मी बिश्केकमध्ये बसून ०.६१ दिले होते.
पद्धत तशी सरळ आहे.
एका अंगाने घालायचं: शिक्षक, सोम, टनावारी कोळसा.
दुसऱ्या अंगाने निघतं: आठवीचे गुण, नववीपर्यंत टिकलेली मुलं.
मग सगळ्या शाळांचे ठिपके मांडायचे,
सर्वांत बाहेरच्यांवरून एक दोरी ताणायची
आणि आत राहिलेल्यांना विचारायचं,
तुम्ही इतक्या आत कशा?

मुख्याध्यापिका कानिशाय एजेंनी विचारलं, 'आमची तुलना कुणाशी?'
'सत्तर टक्के तोकमोकची एक शाळा,
तीस टक्के ओशकडची.'
'आणि ही शाळा भरते कुठे?'
कुठेच नाही. ती कालवून केलेली आहे.
त्या चहात जर्दाळूचा मुरंबा ढवळत राहिल्या.
'तिथे बर्फ पडतो?'

बर्फाला रकाना नव्हता.
रात्री पाहुण्यांच्या खोलीत, कोट अंगावर ठेवूनच,
मी उंचीचा रकाना घातला, मीटरमध्ये.
०.७४ झाले.
उरलेले सव्वीस शतांश मात्र हलेनात.
हिशेब म्हणाला: या शाळेत
अर्धा माणूस जास्त आहे.

सकाळी मी तो अर्धा शोधत हिंडले.
गणिताचे सर भूगोलही शिकवतात, म्हणजे ते दीड.
ग्रंथपाल बाई प्रसूतीच्या रजेवर.
राहिला तळघरातला तुर्दुबेक, भट्टीवाला,
कागदावर 'शिक्षकेतर, एक'.
पहाटे चारला येतो. दाराशी बसून
बुटांतला बर्फ झटकतो, मगच आत पाऊल टाकतो.

भट्टीमागच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या,
पाच-पाचच्या जुड्या, खाली तारखा.
'बादल्या,' तो म्हणाला.
चार टाकल्या की वर जाऊन खिडकीतून बघतो.
मुलांनी हातमोजे काढले असले तर बस.
नसले तर अजून एक.
अकरा फेब्रुवारीला सहा रेघा होत्या,
सहावी जरा बाजूला.
'तिसऱ्या ओळीतली बेगायिम,' तो म्हणाला,
'सगळ्यांत शेवटी काढते.'

वही उघडावी म्हणून मी
दातांनी हातमोज्याचं टोक ओढलं,
आणि थंडी बोटांना चावली तशी
पुन्हा आत सारली.
त्याने ते पाहिलं.
बोलला काही नाही,
फावडं घेतलं.