पिलबाग

सावद्याच्या शिवारात पाच बिघे केळी,
वडिलांची नि मामाची निम्मी निम्मी भागी.
रविवारी वडील भुसावळला मिस्सेला,
मामा त्याच बसने उपासनेला.
परततानाही एकच बस,
मध्ये पिशवीसाठी म्हणून एक सीट सोडलेली.

दुपारी ठिबकच्या नळ्या साफ करताना सुरू व्हायचं.

वडील इग्नास. मामा शांतवन.
वडील म्हणायचे, बेणं बघ भो.
पेत्रापासून आजवर कंदाला कंद,
मुनव्याला मुनवा. एका हंगामाचा खाडा नाही.
मामा नळी तोंडाला लावून फुंकायचा,
चोंदलेली माती थुंकायचा, मग बोलायचा:
त्याच कंदातून रोगही चालत आला ना, दाजी?
म्हणून तर लोक टिश्यूची रोपं लावतात.
स्वच्छ. मूळ झाडाची.
— मूळ झाडाची? बाटलीतली!
तुझी मंडळी गोऱ्या साहेबानं बोटीतून आणली.
— आणि तुमचा पहिला फादर
तापीच्या काठी उगवला होता का?

मी हसायचे. दोघंही माझ्याकडे असे बघायचे
की मी घागर उचलून विहिरीकडे.

मागून ऐकू यायचं,
शास्त्र आहे ना माझ्याकडे, मला पुरे.
अन् त्या शास्त्रात कुठली पानं ठेवायची
हे कुणी ठरवलं, शांतवन?
बराच वेळ नुसतं पाणी टिपकायचं.
पान उगवतं, दाजी. ठरवावं लागत नाही.

बारशाच्या वयात माझ्या कपाळावर पाणी पडलं होतं.
सोळाव्या वर्षी मामा म्हणाला, हतनूरला चल,
पूर्ण बुडून ये, आता समजून उमजून.
मी गेले नाही. वडिलांसाठी नाही,
मला पोहता येत नव्हतं.

वैशाखात एका रविवारी वारं सुटलं.
बसमधून उतरले ते तसेच बागेत,
पांढरे सदरे, खिशात एकाच्या जपमाळ,
दुसऱ्याच्या काखेत शास्त्र.
अंधार पडेपर्यंत आडवे घड
बांबूला बांधत राहिले. पेत्राचं नाव
कुणी काढलं नाही. शिव्या मात्र दोघांच्या सारख्या.

रात्री आईनं सदरे भिजवले.
लिंबू, मीठ, रॉकेल, सगळं करून पाहिलं.
केळीचा चीक. सकाळी दोरीवर
दोन सदरे, दोन्ही तपकिरी.
यातला तुमचा कुठला, ती म्हणाली.
वडील कॉलर उलटून बघत राहिले.

ओट्यावरून मामा:
जुना डाग बघ कुठला, तो त्यांचा.