हातचा

मुर्ताज आला की आधी चहा घेत नाही.
कोपरापर्यंत हात पोत्यात घालतो,
तळातून मूठभर हेझलनट उपसतो
(वर चांगलेच ठेवलेले असतात, हे त्यालाही ठाऊक),
शंभर ग्रॅम तोलतो, फोडतो.
टरफलं माझ्या अंगणात,
गर त्याच्या तळहातावर.
गर पुन्हा तोलतो.
"छत्तीस."
गेल्या साली एकेचाळीस भरले होते.

छाटणी, फवारणी,
ऑगस्टभर वाकून वाकून
झौरीच्या कमरेत बसलेली उसण,
पावसाचा थेंब दिसताच ताडपत्री घेऊन धावलेल्या रात्री,
सगळं त्या एका मुठीत.
शितावरून भाताची परीक्षा, कबूल;
पण शीत उचलणारा हात त्याचा.
दोन गर ढेकणाने चोखलेले निघाले.
त्याने चावले, थुंकले,
आणि किलोमागे वीस तेत्री उतरवले.

थांबावं का?
नोव्हेंबरात भाव चढेल म्हणतात.
सगळेच म्हणतात, म्हणून सगळेच थांबतात,
आणि नोव्हेंबरात झुगदिदीच्या रस्त्यावर
ट्रकमागे ट्रक.
शिवाय इथली ओल थांबत नाही.
आम्ही चौदा पोती दिली.

दोदोने बारीहून पैसे पाठवले.
झौरीची बहीण; तिथे एका म्हातारीचं अंग पुसते,
गोळ्या भरवते, रविवारी दुपारी फोन करते.
"छपराचे आहेत हं. छपरालाच लावा."
सहा वर्षांत तिने छप्पर पाहिलेलं नाही.
तिच्या डोक्यातलं भोक आम्ही केव्हाच बुजवलं,
आता गळतं ते दुसरीकडे.
त्यातून तेक्लेचे बूट घेतले.
पायाखालचं छप्पर, असं मी
मनातल्या मनात नाव दिलं,
आणि फोनवर म्हटलं, हो, लावलं.

तेवढ्यात बोंदो गेला.
वही काढली.
सासरे वारले तेव्हाचं पान:
बोंदो — ५०.
माझंच अक्षर, रडता रडता लिहिलेलं,
आकडे मात्र कोरडे ठणठणीत.
तेव्हाच्या पन्नासात पिठाचं पोतं येऊन वर काही उरायचं.
आता पन्नास ठेवावेत की सत्तर?
मेलेल्याशी महागाईची घासाघीस कशी करायची?
साठ ठेवले.
शनिवारच्या बाजाराचं चीज, चारही चकत्या, त्यात गेल्या.
त्याच्या बायकोने बघितलं नाही किती ते.
वहीत लिहील रात्री.

आज तेक्ले टेबलाशी गणितं करतेय.
एककाचं घर बरोबर, दशकाचं चूक,
पुन्हा चूक.
"हातचा विसरलीस."
"तो उत्तरात दिसतच नाही ना, आई."

नाहीच दिसत.
मक्याच्या कणगीत, कणसांच्या मागे,
पंधरावं पोतं आहे.
मुर्ताजला दाखवलं नाही.
झौरीने ट्रक भरताना पोती मोजली,
चौदाला थांबला,
कणगीकडे पाहिलं आणि दोर आवळला.
मीही विचारत नाही
त्याच्या सिगारेटच्या डबीत
वीसची घडी केलेली नोट कशाला असते.
संसारात एवढं
एकमेकांना न विचारणं लागतं.

त्या पोत्याने काय व्हायचं?
तेक्लेची दाढ, गाईची लस,
किंवा काहीच नाही, उंदीर.
दोदोचं छप्परही.
मी रोज वेगळं ठरवते.
तेच त्याचं सुख आहे.

"आई, शेवटच्या घराची बेरीज झाली,
पुढे घरच नाही,
आणि हातचा उरला, तर?"

मग तसाच लिहायचा.
सगळ्यांच्या पुढे.

तिने लिहिला. वाकडा, बाकीच्यांहून मोठा.

बाहेर डुक्कर पुन्हा कुंपणात अडकलं;
त्याच्या गळ्यात लाकडाचा त्रिकोण आहे,
नेमका त्यासाठीच घातलेला,
तरी दर संध्याकाळी करून बघतं.
झौरी कमर धरून उठला.
"बसा," मी म्हटलं, "मी जाते."
पण तो गेलाच होता.