दुभाष्याची साक्ष

तारखा तुम्हाला गॅझेटात मिळतील, मास्तर.
कधी वकील झाला, कधी न्यायाधीश, कधी कौन्सिलात बसला.
माझ्याकडे तारखा नाहीत. आवाज आहेत.

थिओफिलस एकौ अंकोमा.
एकौ म्हणजे गुरुवारी जन्मलेला.
आई मासळीला धुरी द्यायची; लहानपणी
त्याच्या वह्यांनाही तोच वास.
लंडनहून बॅरिस्टर होऊन आला तेव्हा
बोट लांब उभी, मध्ये फेसाळ लाटा,
नावाड्याच्या खांद्यावर बसून किनाऱ्याला लागला.
बूट हातात धरले होते. कोरडे.

मी तेव्हा केप कोस्टच्या कोर्टात दुभाषी.
पगार महिना चार पौंड, पाणी स्वतःचं.

अकरा वर्षं तो माझ्या डाव्या हाताला उभा राहिला,
कोळणींच्या वतीनं, ताडतेलवाल्यांच्या वतीनं.
फी म्हणून कोनफळं यायची, कोंबड्या यायच्या,
एकदा बकरा आला. तो पायरीला बांधलेला,
आणि गोरे न्यायमूर्ती निकाल वाचत असताना
नेमका "वादी" या शब्दावर ओरडला.
अंकोमा हसला नाही. वाकून म्हणाला,
"माझ्या अशिलाचं म्हणणं संपलं, मायलॉर्ड."

मग तोच वर जाऊन बसला.
डोक्यावर घोड्याच्या केसांचा टोप, त्याखालून घाम
कानामागून ओघळत कॉलरीत शिरायचा.
कोर्टाची भाषा इंग्रजी, असा नियम.
साक्षीदार फँटीत बोले, मी उलथं करून सांगे,
तेव्हा कुठे त्याची लेखणी हलायची.
आईच्या भाषेतलं प्रत्येक वाक्य
त्याच्या कानावर दोनदा पडायचं,
समजायची परवानगी मात्र एकदाच.

तो मंगळवार होता.
मंगळवारी आमच्याकडे समुद्राला विसावा,
होड्या वाळूवर, जाळी दुरुस्तीला.
विसावा नव्हता तो फक्त कोर्टाला.
अराबा नावाची म्हातारी उभी राहिली,
तीही मंगळवारचीच.
खाडीकाठची तिची मिठागरं
सरकारी गोदामासाठी गेली होती.
कागद सरकारकडे होता, तिच्याकडे बोट,
कुठून कुठपर्यंत, ते दाखवणारं.
त्याच्याकडे बघून ती म्हणाली,
"याचं तोंड आमच्या दुधावर वाढलं.
दात विकतचे."

मी घसा खाकरला.
आणि सांगितलं,
"साक्षीदार कोर्टाविषयी आदर व्यक्त करते."

लेखणी थांबली.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, किती वेळ, सांगता येत नाही,
बाहेर कुणीतरी डबा आपटून उतरवला तेवढा वेळ.
मग लिहिलं. माझंच वाक्य लिहिलं,
वळणदार अक्षरात, शेवटी पूर्णविराम.
निकाल तिच्या विरुद्ध गेला. कायदा तसाच होता,
हे मीही सांगतो, तुम्हीही लिहा.

रात्री तो माझ्या दारात. टोप नाही, बूट नाहीत.
"म्हण," म्हणाला.
"काय?"
"ती म्हणाली ते."
"तुम्हाला समजलं होतं की."
"समजलं होतं. नोंदीत नाही. कुणीतरी मला ते
समोर उभं राहून सांगायला हवं."
मी सांगितलं. कंदिलाची काच काजळली होती,
बायको आत जागी होती. तो ऐकत राहिला,
आणि आभार मानून गेला.
माझ्या खोट्याबद्दल अवाक्षर नाही.
ते मला अजून टोचतं.

दोन वर्षांनी राजीनामा दिला.
अक्राला कौन्सिलात गेला, नेमलेला सभासद,
गुळगुळीत मेज, पंखा ओढणारा पोऱ्या.
जमिनींचं बिल आलं तेव्हा तो उठला
आणि सरळ फँटीत बोलला. दूध, दात,
मिठागरं, बोट, सगळं.
तिथं दुभाषी नव्हता.
मी अक्रात असतो तर...
जाऊ दे. मी काय केलं असतं, मला माहीत आहे.

बिल मंजूर झालं. विरोधात एक मत.
तुम्ही कार्यवृत्त काढून बघा, मास्तर,
त्या पानावर एवढंच आहे:
"सन्माननीय सभासद स्थानिक बोलीत काही बोलले."

ते काही म्हणजे काय,
ते लिहायला बसला आहात ना?
घ्या मग. ह्या वेळी शब्दाला शब्द सांगतो.