दुधाचा दात

दांडिया बाजारातून वाघोडिया नाक्यापर्यंत सायकल,
मागच्या पिशवीत बाटल्या, त्यांवर चिकटपट्टी आणि तारीख.
घेलाभाई काबरीच्या पाठीवर हात ठेवून उभा.
"बेन, कालचं काय म्हणालं मशीन?"

कुठल्या तरी लांबच्या देशात भट्टी फुटली.
वारा इथवर आला का, ते कुणी नक्की सांगत नाही.
काबरी बांधावरचं गवत ओढते,
जिभेचा एक वेढा, एक हिसका,
आणि सगळं पोटात.

शिशाच्या पेटीत बाटली ठेवते.
टिक.
मग बराच वेळ नाही. मग दोनदा.
रिकामी बाटलीही थोडं बोलते, हे त्याला कसं सांगू?
दुधात जन्मतःच एक क्षार असतो, त्याची ही जुनी कुरबुर;
काबरीच्या पणजीच्या दुधातही असणार.
ती वजा केली की उरतं
माझ्या चुकीपेक्षाही लहान काहीतरी.

भट्टसाहेब म्हणाले, शून्य लिहा, लोक घाबरतात.
मी लिहिलं: या यंत्राला दिसलं नाही.

घेलाभाईला एवढंच म्हटलं, "चालेल."
त्याने माझं माप भरलं, वर सवयीने
एक धार जास्त ओतली.

हाड मात्र भोळं. चुन्याचा सोयरा म्हणून
कुणीही दारात आलं, की पाट मांडतं.

रात्री शर्मूचा खालचा दात पडला.
म्हणाली, छपरावर टाक, उंदीर नवा देईल.
मी तो चिकटपट्टीत गुंडाळला, तारीख घातली,
आणि पेटीपाशी अजून नेलेला नाही.