खालचा दिवा

रुवीच्या मागच्या गल्लीत, शाहदाद बलुचीच्या दुकानात
टेबलावर तीन ॲम्प्लिफायर,
आणि माझ्या खिशात चाळीस रियाल.
त्यातले सहा पुढच्या महिन्याचे.

पहिला नुसता ट्रान्झिस्टरचा. काळा, चपटा,
बँकेतल्या साहेबासारखा: काम चोख, बोलणं बेताचं.
दुसरा अस्सल व्हॉल्व्हचा. चार जाडजूड बाटल्या,
वजन तान्ह्या रेडकाएवढं, किंमत दोनशे ऐंशी.
त्याला मी लांबूनच हात जोडले,
उशीर झाल्यावर देवळाबाहेरून जोडतात तसे.
तिसरा अर्धा हा, अर्धा तो.

"म्हणजे खेचर," मी म्हणालो.
"डोंगर खेचरच चढतं," शाहदाद म्हणाला.
पुढे दोन काचनळ्या, करंगळीएवढ्या.
सूर आधी त्यांच्यातून जातो, जरा शेकून निघतो,
मग मागे ट्रान्झिस्टर उभे असतात, हमालीला.
किंमत अडतीस.

मी लिफ्टा दुरुस्त करतो. एकोणीस वर्षं झाली.
मला डब्याची झिलई दाखवू नका,
झाकण काढा, ट्रान्सफॉर्मर दाखवा.
हात लावून बघितला, नाक लावून बघितला.
मग काहीच न लावता आवाज पुरता चढवला
आणि स्पीकरला कान टेकून बसलो.
आधी शांतता ऐकायची. खोट असली तर तिथंच असते.
लांब कुठंतरी एक डास. एवढंच.
एवढं चालतं.

खिशातून पेनड्राइव्ह काढला:
परुळ्याच्या जत्रेतला दशावतार,
चुलतभावानं खांबाला फोन बांधून भरलेला.
साहेबावर पखवाज अगदी मोजून आला, थाप न् थाप सुटी.
खेचरावर पेटीचा भाता ऐकू आला.
सूर नव्हे, सुराआधीची ती चामड्याची धाप,
आणि मागच्या रांगेत कुणीतरी शेंगा सोलत होतं
रात्रभर, हे मला आज कळलं.

ठरलंच होतं. पण बंद करून
पुन्हा चालू केला, उगाच,
आणि नळ्या भक्कन नारिंगी झाल्या.

भक्कन?

लिफ्टचं बटण आधी पेटतं, लिफ्ट मागून येते,
लोकांना थांबवायची ती युक्ती मला ठाऊक आहे.
पण काच तापायला अर्धं मिनिट लागतं,
मग ऊब यायच्या आधी उजेड कुठला?

शाहदादनं मान खाजवली.
"खाली एलईडी असतो. गिऱ्हाइकाला बरं वाटतं."
"काढा तो."
"आवाजात काही फरक पडणार नाही."
"माहीत आहे. काढा."
त्यानं चष्मा चढवला, डाग तापवला,
दोन दाणे उचकटून माझ्या तळहातावर ठेवले,
तिळाएवढे.
छत्तीसला दिला. म्हणाला, दोन रियाल उजेडाचे वजा.

हमरियातली खोली. चार खाटा, एक खिडकी,
तीत एसी. त्याचा कंप्रेसर धडकला
की ट्यूबलाइट डोळा मारते.
स्पीकर एका फिलिपिनी नर्सनं जाताना विकलेले,
एकाच्या जाळीवर तिच्या मुलाचा स्टिकर, डायनासोर.
तो मी काढलेला नाही.

रात्री अकरा. दिवे मालवायचा नियम आहे, मालवले.
वायरी जोडल्या, बटण दाबलं.
काही नाही. काळोख, आणि काळोखात काळा डबा.
पलीकडच्या खाटेवरून इनास उठून बसला,
मालवणचा, क्रेनवर असतो, झोपेतही खाली बघतो.
"मेल्या, चालू आसा काय ता?"
"वायच थांब. तापताहा."

काचेच्या पोटात
अगरबत्तीच्या टोकाएवढं काहीतरी
लाल झालं, का तसं वाटलं.
इनासनं पाय खाली सोडले.
पाचची पाळी दोघांचीही होती.
आम्ही बघत बसलो.